रेकॉर्डिंगचा बॉक्स घेताय? छत्रीचा की केबलचा

दर सोमवारी आई भजनाला जाते आणि तिची मालिका बुडते. म्हणून गुहागरकडच्या घरी टीव्हीची नवीन जोडणी घेताना रेकॉर्डिंग होणारा बॉक्सच घ्यायचा, हे आधी ठरलं. प्रश्न होता तो कुठला घ्यायचा याचा. तुमचंही तिथेच अडलं असेल तर वाचा.

दोन वाटा आहेत. छत्रीवाल्या (डिश अँटेनाच्या) कंपनीचा, पोटात हार्ड डिस्क असलेला बॉक्स, किंवा गावातल्या केबलवाल्याचा बॉक्स आणि त्याच्या यूएसबीला लावलेली आपली डिस्क.

कोकणात पहिला विचार पावसाचा. घरगुती छत्री केयू बँडवर, म्हणजे उपग्रहाकडून येणाऱ्या आखूड लहरींवर चालते. त्या लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, त्यामुळे मुसळधार सर आली की थेंबच ती शोषतात आणि विखुरतात. जुलैत काळोखी करून सर कोसळली की चित्राचे चौकोन होतात, मग पडदा काळा. नंतर रेकॉर्डिंग लावलं की त्यातही तेवढंच भोक. केबलवाल्याची मोठी छत्री बहुधा सी बँडची, म्हणजे जास्त लांबीच्या लहरींची असते, तिला पाऊस एवढा बाधत नाही. पण तिथून आपल्या घरापर्यंतची वायर माडामाडांतून येते. एक झाप पडली की अख्खी वाडी बंद, आणि माणूस येईपर्यंत वाट बघायची. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे खांबच आडवे झाले होते. छत्री निदान आपल्या आवारात असते. वाकडी झाली तर डोळ्यांना दिसते.

माझं मत सांगतो. बाजारपेठेजवळ घर असेल आणि केबलवाला हाकेच्या अंतरावर असेल, तर केबल घ्या. वाडी लांब असेल तर छत्रीच, मात्र आग्नेयेकडचं (दक्षिण-पूर्वेचं) आकाश मोकळं हवं. आज आखूड असलेला माड पाच वर्षांनी मध्ये येतो, हे बघूनच जागा ठरवा.

आता डिस्कचं. एचडी चॅनल सेकंदाला 8 मेगाबिट धरला तर तासाला 3.6 जीबी होतात, म्हणजे 500 जीबीत सुमारे 139 तास. एका घराला पुष्कळ झाले. केबलच्या बॉक्सला डिस्क लावताना तो ती फॉरमॅट करायला सांगतो, आणि होय म्हटलं की आतलं सगळं जातं. बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क मी लावणार होतो, ऐन वेळी हात आखडला. नवी कोरीच आणा. हे रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बदलला की जुनं दिसत नाही, छत्रीचा असो वा केबलचा.

बॉक्स आधी आणून सगळं लावून ठेवावं असं वाटतं, पण त्याचं घड्याळ आणि कार्यक्रमपत्रिका सिग्नलबरोबर येते. जोडणी होईपर्यंत टायमर लावता येत नाही. केबलचा बॉक्स तर केबलवाल्याकडूनच घ्यावा लागतो. दुसऱ्याचा आणलात तर चॅनल उघडणार नाहीत.

आधी करण्यासारखं आहे ते जागेचं. आमचा टीव्ही पडवीकडच्या खिडकीखाली होता. पागोळ्यांचे तुषार आणि खारी हवा थेट तिथे, वर्षभरात यूएसबीच्या तोंडाला हिरवट गंज चढला. आता टीव्ही माजघरात आतल्या भिंतीला आहे, बॉक्स उघड्या फळीवर, मागे चार बोटं जागा सोडून, कारण डिस्क तापते. प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला. लाईट गेली की रेकॉर्डिंग थांबतंच, शिवाय फिरती डिस्क अचानक बंद पडणं तिला सोसत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लगबरोबर छत्रीची किंवा केबलची वायरही काढा. वीज तिथूनही आत येते.

छत्री घेणार असाल तर फिटर येण्याआधी त्याला फोन करून एक विचारा: एक चॅनल रेकॉर्ड करत दुसरा बघायला या बॉक्सला दोन वायरी लागतात का? आमच्याकडे आलेल्याने एकच आणली होती. दुसऱ्या वायरीसाठी तो गणपतीनंतर उगवला, आणि चाकरमानी घरात असताना क्रिकेट की आईची मालिका, हा वाद रोज रात्री होत राहिला.