सोलापुरात शूटिंग: एलईडी पॅनेल की सीओबी?

व्हिडिओसाठी लाइट घ्यायचाय? पॅनेल म्हणजे अनेक छोट्या एलईडींची चपटी पाटी; सीओबी म्हणजे एकाच जागी दाटीने बसवलेल्या एलईडी चिपांचा प्रखर दिवा. यंत्रमागाच्या शेडमध्ये चादरीचा लाल रंग खरा दिसायला हवा असेल, तर वॅटआधी सीआरआय आणि टीएलसीआय (लाइटमध्ये रंग डोळ्याला आणि कॅमेऱ्याला किती खरे दिसतात, त्याचे १०० पैकी गुण) बघा; दोन्ही ९५ च्या वर हवेत. स्वस्त लाइटमध्ये लाल रंगच आधी मरतो आणि एडिटिंगमध्ये तो नीट परत येत नाही.

३० वॅटचं पॅनेल दोन एनपी-एफ ९७० (कॅमकॉर्डरच्या जातीच्या) बॅटऱ्यांवर पूर्ण उजेडात साधारण अडीच तास चालतं. बहुतेकांना पंखा नसतो, त्यामुळे मुलाखतीत आवाज स्वच्छ मिळतो. पण ते चेहऱ्यापासून मीटरभरच ठेवा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो.

६० वॅटचा सीओबी सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावून तीन मीटरवरूनही पुरतो. ९९ वॅट-तासाच्या व्ही-माउंट या मोठ्या बॅटरीवर मात्र जेमतेम सव्वा तास. त्याचा पंखा शेडमधला कापसाचा तंतू ओढून घेतो. जाळी तुंबली की लाइट तापून मंद होतो किंवा बंदच पडतो. रोज ब्रशने जाळी झाडा.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्यांच्या) गर्दीत, स्टँड आणि सॉफ्टबॉक्स नकोच. तिथे कॅमेऱ्यावर छोटं पॅनेल. उघड्यावर सीओबी लावायचाच, तर स्टँडला पाच किलोची वाळूची पिशवी बांधा.

शेडमधल्या जुन्या ट्यूबलाइट चालू असतील तर सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर चित्रात पट्टे येतात.

एकच घ्यायचा असेल तर पॅनेल.