द्विशिक्षकी शाळेत वर्ग कसे वाटावेत: पहिली-दुसरी एकत्र, की पहिली-तिसरी?

जून उजाडला की दोन शिक्षकांच्या शाळेत पहिला प्रश्न हाच असतो. चार वर्ग, दोन माणसं, कोणी काय घ्यायचं? शिक्षण हक्क कायद्यानुसार पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत तर पट साठच्या आसपासही जात नाही. त्यामुळे जोडवर्ग, म्हणजे दोन इयत्ता एकाच शिक्षकाकडे, घ्यायचे की नाहीत, हा विचार आपल्या हातात नसतो. कोणता वर्ग कोणाशी जोडायचा, तेवढं मात्र असतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. एकशिक्षकी शाळेचं दुखणं निराळं, ते इथे धरलेलं नाही.

रूढ पद्धत म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. दुसरी पद्धत एक वर्ग सोडून जोडायची: पहिली-तिसरी एकाकडे, दुसरी-चौथी दुसऱ्याकडे. मी दोन्ही प्रकारांनी शिकवलं आहे, वेगवेगळ्या सहकाऱ्यांबरोबर. सध्या आमच्याकडे दुसरी पद्धत चालू आहे.

रूढ पद्धतीच्या बाजूने बरंच काही आहे, ते आधी सांगतो. पहिली-दुसरीला परिसर अभ्यास हा वेगळा विषय नाही, तो तिसरीपासून येतो. म्हणजे खालच्या दोन वर्गांना भाषा, गणित, इंग्रजी आणि खेळ-गाणी, तर वरच्या दोघांना एक विषय जास्त. वेळापत्रक सरळ बसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेसुद्धा तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर धरताना अंगणवाडी-बालवाटिकेबरोबर पहिली-दुसरीच घेतली आहे. प्रशिक्षणंही बहुधा याच गटवारीने होतात. शिवाय खोलीचा प्रश्न आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा पाहून आल्यानंतर राज्यभर शिक्षकांनी लहान मुलांच्या खोल्यांतल्या फरश्या रंगवल्या, मुलांच्या उंचीला फळे आणले, अक्षरं-अंकांची वर्तुळं काढली. हे सगळं एका खोलीत झालेलं असतं. पहिली तिथेच आणि दुसरी शेजारच्या खोलीत म्हटलं, की मोजायच्या मणीमाळा आणि दशक-एकक शिकवायच्या गठ्ठे-सुट्ट्यांच्या काड्या दिवसभर इकडून तिकडे फिरत राहतात.

एवढं सगळं असूनही माझा कल पलीकडे गेला, त्याला कारण दोनच शब्द: "सर, झालं!"

पहिली-दुसरी एकत्र घेतली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. पहिलीतल्या पोराचा हात धरून तुम्ही 'र' गिरवून घेत असता. दुसरीला फळ्यावर हातच्याच्या बेरजा दिलेल्या असतात. हुशार पोर पाच मिनिटांत पाटी घेऊन उभं. "सर, झालं." तपासून दिली. "आता काय करू?" फळ्यावर सूचना लिहून उपयोग नाही, कारण दिवाळीपर्यंत निम्म्या दुसरीला ती सलग वाचता येत नाही. तोंडी सांगावं, तर पहिलीतली चार जणंही तेच करायला लागतात. तोवर मागून आणखी दोन पाट्या येतात. ज्याला बेरीज आलीच नाही तो गप्प बसून खिडकीबाहेर बघत असतो, आणि त्याच्यापर्यंत आपण पोचतच नाही. जोडवर्गाचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा असतो: एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग आपलं आपण काही करेल. पहिली-दुसरीत दोन्ही वर्गांना आपलं आपण काही करता येत नाही. तिकडे तिसरी-चौथीच्या खोलीत दोन्ही वर्ग वाचते, त्यामुळे तिथला शिक्षक तुलनेने निवांत. काम वाटलं जातं, पण ओझं वाटलं जात नाही.

पहिली-तिसरीत हे चित्र पालटतं. तिसरीसाठी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं: धडा मनात वाचा. तीन प्रश्न काढा. जोडीदाराला विचारा. उत्तर पटलं नाही तर धड्यात दाखवा. वीस-पंचवीस मिनिटं पहिलीबरोबर जमिनीवर बसता येतं. मधे कोणी उठलंच, तर नुसतं फळ्याकडे बोट दाखवायचं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण पहिलीतली मुलं वाचायला लवकर लागतात असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडे तसंच होईल असं नाही.

दुसरी-चौथीचीही गंमत आहे. चौथीला परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास. आग्र्याहून सुटकेचा पाठ सुरू झाला की दुसरीची पाटीपेन्सिल खाली. पेटाऱ्यात माणूस मावतो का, यावर मधल्या सुट्टीत वाद. अशा तासाला त्यांना दुसरं काम द्यायच्या फंदात मी पडत नाही.

आता या पद्धतीचा खरा फायदा, जो कागदावर मांडल्याशिवाय चटकन लक्षात येत नाही. यंदा माझ्याकडे पहिली आणि तिसरी. पुढच्या वर्षी तीच मुलं दुसरी-चौथीत जातात, मीही त्यांच्याबरोबर जातो. त्याच्या पुढच्या वर्षी चौथी बाहेर पडलेली, दुसरीची तिसरी झालेली आणि नवी पहिली माझ्याकडे. म्हणजे प्रत्येक मूल चारही वर्षं एकाच शिक्षकाकडे राहतं, आणि पहिली प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाआड येते. रूढ पद्धतीत पहिली एकदा ज्याच्या गळ्यात पडली, ती तिथेच राहते. बहुतेक ठिकाणी ती बाईंच्याच गळ्यात पडते, हेही आपण जाणतोच. शाळेला पाचवी जोडलेली असेल तरी हे जमतं: पहिली-तिसरी-पाचवी एकाकडे आणि दुसरी-चौथी दुसऱ्याकडे. तीन वर्गांचं ओझं आलटून पालटून येतं.

अर्थात चार वर्षं एकच शिक्षक, हे दुधारी आहे. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून इंग्रजीच्या तासाला मॅडम आणि मी खोल्या बदलतो. ही तडजोड दोघांना मान्य असेल तरच या वाटेला जावं. आणि बदल्या आहेतच. दोघांपैकी एकाची बदली झाली की साखळी तुटते, नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून पटवावं लागतं.

आणखी एक सांभाळायला हवं. दोन वर्षांचं अंतर असलेली भावंडं नेमकी एका खोलीत येतात. तिसरीतली ताई धडा सोडून पहिलीतल्या भावाचं नाक पुसत बसते. भाऊ नसला तरी लहानांना शिकवायचं काम हळूहळू मोठ्या मुलींकडेच सरकतं. त्या करतातही आनंदाने, पण त्यांचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो. मी आता जोड्या लावतानाच मुलग्यांनाही हे काम देतो आणि दर आठवड्याला जोड्या बदलतो.

तिसरा पर्याय म्हणून स्तरनिहाय गटांचं नाव निघतं: इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांवर मुलं बसवायची. तासाभरासाठी उत्तम. दिवसभर मात्र नाही, कारण पाठ्यक्रम आणि नोंदी इयत्तेप्रमाणेच मागितल्या जातात. कर्नाटकात 'नली-कली'मध्ये पहिली ते तिसरी एकत्र शिकतात, पण त्यामागे कार्डांचा आणि शिडीसारख्या टप्प्यांचा तयार संच आहे. संच हाताशी नसताना ते डोक्यातून चालवणं मला तरी जमणारं नाही.

तुमच्या सहकाऱ्याला लहान मुलांचा मनापासून लळा असेल, यंदा पहिलीचा पट एकदम वाढला असेल, किंवा दोघांपैकी एकाची बदली समोर दिसत असेल, तर पहिली-दुसरी एकत्रच ठेवा, उगाच घडी मोडू नका. यातलं काही नसेल, तर एक वर्ग सोडून जोडून बघायला हरकत नसावी. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख विचारतातच, "हे काय नवीन?" त्यांना चार वर्षांचा तक्ता आखून दाखवला की सहसा पुढचे प्रश्न येत नाहीत. एक दिवस दोघांपैकी कोणी बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेलं आणि चारही वर्ग एकावर आले, की पहिली तिसरीजवळ आणि दुसरी चौथीजवळ जाऊन बसते, सांगावं लागत नाही.

बदल करायचा तर जूनमध्येच करा. पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन (सत्राअखेरची परीक्षा) झाल्यावर वर्ग फिरवले, तर आकारिक (शिकवता शिकवता केलेल्या) नोंदी निम्म्या एकाच्या वहीत आणि निम्म्या दुसऱ्याच्या, आणि एप्रिलमध्ये निकालपत्रकं भरताना दोघेही एकमेकांच्या कपाटात शोधत बसाल.