घाटात वळणांवर कोण भारी: व्हर्टस जीटी १.५ की वेर्ना टर्बो?

सेडानच हवी, टर्बो पेट्रोल हवी आणि ताम्हिणी-आंबेनळीत चालवायला मजा पण आली पाहिजे असं असेल तर यादीत शेवटी फोक्सवॅगनची व्हर्टस आणि ह्युंदाईची वेर्ना या दोन गाड्या उरतातच. माझं मत आधीच सांगून टाकतो, वळणांसाठी व्हर्टस. पण का ते वाचा, कारण तुमचा वापर वेगळा असेल तर उत्तर बदलतं.

कागदावर वेर्ना पुढे आहे, १६० पीएस ताकद आणि २५३ एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर), व्हर्टसला १५० आणि २५०. बाकी सामान जवळपास तेच, दोन्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह, सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम, टायरचा साइजसुद्धा २०५/५५ आर१६. म्हणजे फरक पडतो तो सगळा ट्यूनिंगने, कंपनीने हे सामान कसं सेट केलंय त्याने.

व्हर्टसचं स्टिअरिंग स्पीड वाढला की छान जड होतं, आणि वळणात टाकली की गाडी लाइन पकडते ती सोडत नाही, मधेच खड्डा किंवा पुलाचा जॉइंट आला तरी मागची बाजू उडत नाही, एक झटका आणि परत शांत. ग्राउंड क्लिअरन्स १७९ एमएम आहे, सेडानच्या मानाने उंचच, त्यामुळे बॉडी रोल, म्हणजे वळणात गाडीचं बाहेरच्या बाजूला झुकणं, आहे, नाही असं नाही, पण तो हळूहळू येतो आणि आपल्याला अंदाज येतो की आता किती उरलंय. वर इलेक्ट्रॉनिक डिफरन्शिअल लॉक आहे, आतलं चाक फुकट फिरायला लागलं की त्याला हलका ब्रेक लागतो आणि ताकद बाहेरच्या चाकाला मिळते. चाकणला बनते, आणि मला तरी आपल्या सह्याद्रीतल्या रस्त्यांसाठीच बनवल्यासारखी वाटते.

वेर्नाचं स्टिअरिंग हलकं, गावात यू-टर्न मारायला सुख, पण जोरात वळताना पुढच्या टायरखाली काय चाललंय ते हाताला कमी कळतं. सस्पेन्शन त्या मानाने मऊ, रस्ता लाटालाटांचा असला की मागची बाजू जास्त हलते. टर्बोचा जोर पण दणकन येतो, त्यामुळे वळण संपायच्या आधीच एक्सिलरेटर दाबला तर पुढची चाकं घसरतात आणि नाक बाहेर जायला लागतं, म्हणजे अंडरस्टिअर. तेव्हा स्टिअरिंग अजून पिळायचं नाही, पाय हलका करायचा, ग्रिप परत येते. (हे व्हर्टसलाही लागू आहे, फक्त तिथे ही वेळ उशिरा येते.)

ब्रेकमध्ये मात्र वेर्नाला मार्क. टॉप टर्बो ऑटोमॅटिकला मागे डिस्क आहेत, व्हर्टस २०२२ ला आली ती मागे ड्रम घेऊन. बुकिंग करताय त्या व्हेरिअंटला काय आहे ते शोरूमला विचाराच. लांब उताराला तसंही दोन्हीत खालचा गिअर ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

आता जे दोन्ही गाड्यांना सारखंच लागू आहे आणि ज्याकडे कोणी बघत नाही ते म्हणजे टायर. ४० ला घेतलेलं वळण ६० ला घेतलं तर टायरवरचा आडवा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो, कारण तो स्पीडच्या वर्गाने वाढतो, आणि हा सगळा जोर झेलायला रस्त्याला टेकलेले रबराचे चार तळहाताएवढे तुकडेच असतात. मग झिजलेल्या किंवा कडक झालेल्या टायरवरची व्हर्टस ही नव्या चांगल्या टायरवरच्या वेर्नाच्या मागेच राहणार, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) बनवल्याच्या तारखेचे चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा, सेकंडहँड घेत असाल तर हे आधी बघा. कायद्याने टायरच्या खाचेची खोली कमीत कमी १.६ एमएम चालते, पण पावसाळ्यात कोकणात उतरायचं असेल तर मी तोपर्यंत थांबणार नाही. हवा थंड टायरमध्ये चेक करायची, पाच माणसं आणि डिकी भरून निघाला तर दारावरच्या स्टिकरवर लिहिलेलं फुल लोडचं प्रेशर भरायचं, आणि अलाइनमेंट बिघडलं असेल तर कुठलीही गाडी एका बाजूला नीट वळते, दुसऱ्या बाजूला नाही.

गिअरबॉक्सचं थोडक्यात, डीएसजी (व्हर्टसचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) डी म्हणजे ड्राइव्ह मोडमध्ये पेट्रोल वाचवायला पटापट वरचा गिअर टाकते, घाटात एस म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये ठेवा. वेर्नाच्या वरच्या व्हेरिअंटला एडास (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) आहे, त्यातलं लेन कीप गाडी लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंगला ढोसतं, घाटात बंद केलेलं बरं.

महिन्याला एखादा घाट, बाकी सगळा हायवे आणि मागे आईबाबा बसणार असतील तर वेर्ना घ्या, मागे जागा मस्त आहे आणि ओव्हरटेकला ताकद भरपूर. स्वतः चालवायचा आनंद हवा असेल तर व्हर्टस, शक्यतो मॅन्युअल. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सरळ रस्त्यावर नेतात, तिथे दोन्ही गाड्या चांगल्याच वाटतात, तुम्ही हट्ट करून एखादा फ्लायओव्हरचा गोल लूप आणि एक खराब रस्ता घ्यायला लावा, स्पीड लिमिटमध्येच, फरक हाताला लगेच कळेल.