कलाल्लिसुत की इनुक्तितुत?

भाषाशास्त्र शिकणारी भाची अडलीये: इनुइट (आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांची) भाषा शिकायचीच, तर ग्रीनलंडची कलाल्लिसुत की कॅनडाची इनुक्तितुत?

व्याकरणात फारसं डावं-उजवं नाही. दोन्हींत मूळ स्वर तीनच, आणि शब्दाला प्रत्ययांची शेपटं लावत अख्खं वाक्य एका शब्दात. खरा फरक उच्चारात. इनुक्तितुतमधला 'इग्लु' ग्रीनलंडमध्ये 'इल्लु' होतो. अर्थ साधं घर, बर्फाचंच असं नाही. त्यातला 'ल्ल' मात्र आपला नव्हे. जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा घासायची. ग्रीनलंडने 'ग्ल'सारखी बरीच जोडाक्षरं गिळलीत, त्यामुळे मूळ शब्द ओळखणं अवघड जातं.

लिपीत कलाल्लिसुत सोपी. रोमन लिपी, 1973 पासून सुधारलेलं शुद्धलेखन. इनुक्तितुतची अक्षरं बरीच ठिकाणी वेगळीच: तळाची रेघ नसलेल्या त्रिकोणाचं टोक वर असेल तर 'पि', उजवीकडे 'पु', डावीकडे 'प'. आठवड्यात जमतं. गंमत म्हणजे या लिपीच्या मुळाशी देवनागरीचाही हात आहे, असं काही अभ्यासक मानतात.

वाचायला मजकूर? इथे कलाल्लिसुत सरस. 1861 पासून वर्तमानपत्र, 2009 पासून ती देशाची एकमेव अधिकृत भाषा. इनुक्तितुत मात्र गावागणिक बदलते.

ग्रीनलंडच्या राजधानीला, नूकला जायचं असेल, किंवा एकाच प्रमाणभाषेत भरपूर वाचायचं असेल, तर कलाल्लिसुत. बोलींची तुलना करायची असेल, तर इनुक्तितुत. जुनी जोडाक्षरं तिथे जास्त शाबूत आहेत. भाचीचा विषय ध्वनिबदल आहे, म्हणून मी तिला इनुक्तितुतच सुचवली.