क्वार्टरबॅक बदलायचाय, ड्राफ्टमधून घ्यायचा की तयार आणायचा?

एनएफएलमधे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधे, एप्रिलचा ड्राफ्ट (टीम्स पाळीपाळीने कॉलेजची नवी पोरं निवडतात तो) जवळ आला की क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्याचा, हा वाद ठरलेला. ड्राफ्टवाले लगेच चीफ्स टीमचं उदाहरण देतात, २०१७ ला त्यांचा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ चांगला खेळत होता तरी निवडीच्या क्रमात २७ वरून १० वर उडी मारली, पुढच्या वर्षीचा पहिल्या राऊंडचा पिकपण (निवडीचा हक्क) देऊन टाकला आणि पुढे मोठा स्टार झालेल्या महोम्सला उचललं, आणि उचलून केलं काय तर जवळजवळ अख्खा सीझन बाकावर बसवलं, पोरगा एकच मॅच खेळला. पण त्याच ड्राफ्टमधे बेअर्स टीमनी ३ वरून २ वर जाऊन ट्रुबिस्की घेतला आणि तो फारसा चालला नाही, ते कोणी काढत नाही!

दुसरीकडे रॅम्स टीम, तयार क्वार्टरबॅक आणणारी. २०२१ ला आपला क्वार्टरबॅक गॉफ, वर पहिल्या राऊंडचे दोन आणि तिसऱ्याचा एक पिक देऊन स्टॅफर्ड आणला, पहिल्याच सीझनला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली. महाग पडला, पण माल बघून घेतलेला. (गंमत म्हणजे गॉफ स्वतः २०१६ चा नंबर एकचा पिक.)

ड्राफ्टचा खरा फायदा पगारात, रुकी (नवा खेळाडू) चार वर्षं स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या सॅलरी कॅपमधे (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) लाईन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, भक्कम करता येते. माझं मत ड्राफ्टलाच, फक्त जुन्याला लगेच हाकलू नका, एक सीझन राहू दे.