‘लायसन्स लागत नाही, सेमी-ऑटोमॅटिक, फक्त साडेचोवीस हजार’

ऑनलाइन जाहिरात बघून एअर रायफल (हवेच्या दाबावर छर्रे मारणारी) मागवली आणि फसलो. शेवटचे पैसे गेल्यावर ९ दिवस मी घरात कोणाला बोललो नाही. पोलिसांकडे जायचं तर नावच नको. आपणच काहीतरी बेकायदेशीर मागवलंय, तक्रार केली तर आधी आपणच आत जाणार, हे डोक्यात घट्ट बसलं होतं. रायफल विकणाऱ्या त्या माणसानं माझे एक तृतीयांशाहून जास्त पैसे या भीतीवरच काढले. म्हणून रकमांसकट सगळं लिहितोय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. नेमबाजीची ओढ लहानपणापासूनची. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायच्या स्टॉलपुढे मी उभा राहिलो की वडील हाताला धरून ओढायचे, तरी पाय निघायचा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ घेतलं, तेव्हा कारखान्यात पेढे वाटले आणि ठरवलं, आता स्वतःची रायफल घ्यायची. स्पर्धेसाठी नाही. रविवारी मामांच्या मंद्रूपच्या शेतात मातीच्या उंच बांधाला कागदी टार्गेट लावून तासभर नेम धरायचा, एवढीच इच्छा.

मोबाईलवर शोधायला लागलो आणि दोन दिवसांत जाहिरात आली. निळ्या सतरंजीवर ठेवलेली काळी रायफल, शेजारी फुटक्या कोपऱ्याची पांढरी फरशी. ‘सेमी-ऑटोमॅटिक एअर रायफल, १० शॉट मॅगझिन, वेग १३०० फूट प्रतिसेकंद, लायसन्सची गरज नाही.’ किंमत २४,५००. फोन केला तर समोरचा माणूस अतिशय अदबीनं बोलला. मी निवृत्त फौजी, पुण्यात दुकान आहे म्हणाला. ओळखपत्राचा फोटो पाठवला, बिलाचा नमुना पाठवला. मी म्हटलं, येऊन बघतो. तर म्हणे, “दुकानाचं काम काढलंय सर, माल गोदामातून थेट कुरियरनं जातो.” हुतात्मा एक्स्प्रेसनं चार तासांत पुणं गाठता येतं. तेवढा एक दिवस मी काढला नाही.

आधी ४,५०० आगाऊ गेले. तिसऱ्या दिवशी ‘विम्याचे, परत मिळणारे’ म्हणून ६,२००. मग पार्सल नाक्यावर अडलंय, पोलिसांची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागेल, त्याचे ९,८००. इथं मला शंका आली. लायसन्सच लागत नाही तर एनओसी कशाची? पण २०,५०० आधीच अडकले होते, आणि अडकलेला माणूस सुटायचाच विचार करतो. मी ऑर्डर रद्द करा, पैसे परत द्या म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. आवाज दरडावणीचा. “तुमच्या नावावर विनापरवाना सेमी-ऑटोमॅटिक वेपनचं पार्सल सापडलंय. आर्म्स अ‍ॅक्ट लावतोय. सोलापूरला गाडी पाठवू का?” मी सात रस्त्याला सिग्नलपाशी होतो. गाडी कडेला घेतली, हात थरथरत होते. ३५,००० मागितले, १२,००० वर तुटलं, तिथंच उभं राहून पाठवले. मुलीच्या क्लासची फी होती ती.

एकूण ३२,५००. रायफल तर सोडाच, रिकामा खोकासुद्धा आला नाही.

शेवटी मामांनी विचारलं, “अरे, रायफल घेणार होतास ना?” आणि मला सांगावंच लागलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “ऊठ, आधी तक्रार कर.” १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे बँकेचा व्यवहार ओळखायचा) क्रमांक, वेळ, स्क्रीनशॉट लागतात. मी चॅट पुसलं नव्हतं हे नशीब. माझ्यावर कोणी गुन्हा घातला नाही, कोणी ओरडलंही नाही. विचारलं एवढंच, की इतके दिवस कुठं होतात? पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात. माझे ६,८०० एका खात्यात अडकलेले सापडले, बाकीचे त्याच रात्री काढून झाले होते.

नंतर एका नेमबाजी प्रशिक्षकांना भेटलो, त्यांना ती जाहिरात दाखवली. त्यांनी तिथंच कागदावर गणित मांडलं. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ इंच बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची), छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. आता अर्ध्या ग्रॅमचा छर्रा १३०० फुटांच्या वेगानं सुटला तर ऊर्जा होते जवळजवळ ४० ज्यूल. म्हणजे जाहिरातीतला वेग खरा असेल तर ‘लायसन्स नको’ हे खोटं, आणि ‘लायसन्स नको’ खरं असेल तर वेग खोटा. दोन्ही एकाच ओळीत लिहिलेलं मी दहा वेळा वाचलं होतं. स्पर्धेतली १० मीटरची एअर रायफल तर साधारण ७.५ ज्यूलचीच असते, आणि तिच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा.

‘सेमी-ऑटोमॅटिक’ या शब्दावर ते थोडे रागावलेच. मॅगझिन, म्हणजे छर्रे भरून ठेवायची पेटी, आहे म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक नव्हे. बहुतेक मॅगझिनवाल्या एअर रायफलींत दर गोळीला बोल्ट किंवा लिव्हर हातानं ओढावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप दाबला की एक गोळी आणि पुढची आपोआप आत. काडतुसांची तशी रायफल तर १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली येते, परवान्याशिवाय कोणी कुरियरनं पाठवू म्हणाला की तिथंच फोन ठेवायचा. “आणि तुम्हाला हवी कशाला ती? स्वप्नीलची पॉइंट टूटू रायफलसुद्धा एकेक काडतूस हातानं भरायची आहे,” ते म्हणाले. शिकणाऱ्यानं एक छर्रा भरावा, श्वास सोडावा, चाप दाबावा, कागदाकडं बघावं. मग दुसरा. भराभर गोळ्या सुटल्या की चूक कुठं झाली ते कळतच नाही.

त्यांनी सेकंडहँडबद्दलही सांगितलं, कारण स्वस्ताच्या मागं लागणारे तिथंही फसतात. हवेच्या सिलिंडरच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलीत दाब २०० बारपर्यंत असतो. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, आणि अ‍ॅल्युमिनियमचे बरेच सिलिंडर १० वर्षांनी बाद धरतात. तारीख खरवडलेली दिसली तर हात लावायचा नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते बिलाचं. जीएसटीची बिलं मी रोज फाडतो. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. पुण्याच्या त्या दुकानाच्या बिलावर नंबर ०९ नं सुरू होत होता, म्हणजे उत्तर प्रदेश. नंतर जीएसटी पोर्टलवर टाकला तर कोणा किराणा व्यापाऱ्याचा निघाला. टॉवेलचा दहा हजारांचा माल देताना मी समोरच्याचा नंबर तपासतो, इथं तपासला नाही.

आता परवानाधारक दुकानातून साधी, नळी खाली वाकवून छर्रा भरायची स्प्रिंगची रायफल घेतली आहे. आधार दाखवला, दुकानदारानं पत्ता लिहून घेतला, पक्कं बिल दिलं. विकत घेण्याआधी खांद्याला लावून बघितली. मामांच्या बांधापुढं रविवारी तासभर जातो.

परवा रात्री ती जाहिरात पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाव नाशिक, किंमत १९,०००. सतरंजी निळीच आहे आणि फरशीचा कोपरा फुटका.