धडगावच्या बाजारातली 10 रुपयांची पेस्ट: घ्यावी की लाल मंजनच बरं?

नंदुरबार जिल्ह्यातलं धडगाव असो की मोलगी, आठवडी बाजारात एकाच ताडपत्रीवर पेस्टची छोटी ट्यूब, लाल मंजन आणि मिशरी शेजारी शेजारी मांडलेली असते. पावरा आणि भिल्ल घरांत तिन्ही जातात. पैसे द्यावेत ते फक्त ट्यूबला, आणि तेही मागची बारीक अक्षरं वाचून.

तिथे 'सोडियम फ्लोराइड' किंवा 'सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट' आणि 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) जवळपासचा आकडा हवा. कीड रोखतं ते फ्लोराइड. फेसाचा आणि वासाचा त्यात काही वाटा नाही. पण अक्षरं इंग्रजी, तीही मुंगीएवढी. पावरी बोलणाऱ्या बाईने ती वाचायची कशी? या मालाचा हा सगळ्यात मोठा दोष. दुकानदाराला "भाऊ, फ्लोराइडवाली द्या" असं स्पष्ट सांगावं.

ट्यूब पुरते किती? मोठ्यांना एका वेळी वाटाण्याएवढी, म्हणजे पाव ग्रॅम. पाच माणसांनी सकाळ-रात्र घासलं तर दिवसाला अडीच ग्रॅम. 20 ग्रॅमची ट्यूब या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत बरोबर जाते. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढीच लावावी. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

लाल मंजनात गेरू असतो. रोज बोटाने रगडलं की हिरडीलगत दाताला खाच पडते, नख फिरवलं तर अडकतं, आणि माठातलं पाणीही झिणझिण्या आणतं. त्यापेक्षा करंजाची किंवा कडुनिंबाची काडी बरी, फक्त टोक चावून मऊ कुंचला झाल्यावरच फिरवावी. फ्लोराइड मात्र तिच्यात नाही.

मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावल्यावर हिरड्यांतून रक्त येणं थांबतं, म्हणून बायकांना ती औषध वाटते. खरं तर निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत वाढतच राहतो. पेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, मिशरी मात्र उघड्यावर विकली जाते. गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर सरकारी दवाखान्यात तोंड दाखवावंच.

ट्यूबसोबत ब्रश घेताना 'सॉफ्ट' बघावा, माणसागणिक वेगळा. कुडात खोचून ठेवू नये, चुलीची काजळी त्यावर बसते. धुऊन, केस वर करून पेल्यात उभा ठेवावा.